पाऊस एवढा पडतो, मग पाणी जाते कुठे?
(एका ओहळाचा भूगोल)



आमच्या कामाला भेट द्यायला येणारे पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. पावसाळ्यात आलेला पाहुणा हिरवेगार डोंगर, भरून वाहणारे ओहळ आणि तुडुंब खाचरे पाहून विचारतो, "इथे पाण्याला काय कमी?" तोच पाहुणा एप्रिलमध्ये आला, तर बायकांच्या डोक्यावरचे तीन-तीन हंडे पाहून विचारतो, "इथे पाऊस पडतच नाही का?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे. ते उत्तर समजायचे तर एका लहानशा ओहळाचा भूगोल समजून घ्यावा लागतो. या अंकात मी तोच सांगणार आहे. आपण पाठवलेली मदत कुठे लावली तर टिकते आणि कुठे लावली तर वाहून जाते, हेही त्यातूनच कळते.

ओहळ कुठे आहे?

पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुका आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा समाजांची ही वस्ती. गाव एक असले तरी ते सात-आठ पाड्यांत विखुरलेले असते. मी ज्या पाड्यांवर जातो त्यांच्या खालून एक ओहळ वाहतो. पाड्यावरची माणसे त्याला नुसते 'ओहळ' म्हणतात आणि नकाशातही त्याला नाव नाही. पण तो कुणाचा तरी पाहुणा होऊनच जातो. तो खाली मोठ्या ओहळाला मिळतो, तो पिंजाळ नदीला, पिंजाळ वैतरणेला आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला खाडीतून अरबी समुद्राला. वसई-विरारकडचे आपले वाचक रेल्वेच्या पुलावरून जे रुंद पात्र पाहतात, त्यात आमच्या पाड्याचेही चार थेंब असतात.

याच मोखाडा तालुक्यात एखाद्या टेकाडाच्या पलीकडे पडलेला पाऊस मात्र उत्तरेला वाघ नदीत जातो आणि दमणगंगेतून दमणजवळ समुद्राला मिळतो. त्याहून मोठी फाटाफूट पूर्वेला त्र्यंबकच्या डोंगरात होते. तेथील एका उतारावरचा पाऊस वैतरणेत येतो आणि अरबी समुद्राला मिळतो. दुसऱ्या उतारावरचा गोदावरीत जातो आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतो. वास्तविक अरबी समुद्र तेथून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. पाणी अंतर पाहत नाही, ते फक्त उतार पाहते.

पाणलोट म्हणजे काय?

ज्या जमिनीवर पडलेला पाऊस एका ठरावीक ओहळात येतो, तेवढी सगळी जमीन म्हणजे त्या ओहळाचे पाणलोट क्षेत्र. त्याची हद्द म्हणजे डोंगराची धार. गावाची शीव माणसांनी ठरवलेली असते, पाणलोटाची हद्द डोंगराने ठरवलेली असते. म्हणून दोन गावांची जमीन एकाच पाणलोटात येऊ शकते आणि एकाच गावाचे पाणी तीन ओहळांत वाटले जाऊ शकते.

ही हद्द नकाशावर शोधता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. त्यावर समान उंचीच्या तपकिरी रेषा काढलेल्या असतात. या रेषा बाण केल्यासारख्या डोंगराच्या माथ्याकडे टोक करून वळल्या असतील तर तिथे ओहळ समजावा. टोक खालच्या बाजूला असेल तर ती डोंगराची सोंड. सोंडेसोंडेने वर चढत गेले की धार सापडते. याच नकाशात बारमाही वाहणारे पाणी निळ्या रंगात आणि कोरडा पडणारा ओहळ काळ्या रेघेने दाखवतात. आमच्या ओहळाची रेघ काळी आहे.

पण खरे सांगायचे तर नकाशाची गरज आम्हालाच जास्त. पाड्यावरचे एक आजोबा आमच्याबरोबर धारेवर आले आणि काठीने दाखवत गेले, "हे पाणी आपले, ते पलीकडच्या पाड्याचे." गुरे राखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पाणी कुठे वळते हे पायांनी ठाऊक असते. आम्ही नंतर ती रेघ नकाशाशी ताडून पाहिली. काठी आणि नकाशा यांचे जवळजवळ सगळीकडे एकमत झाले.

थोडा हिशेब

आता पावसाचा हिशेब मांडू. १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते १०,००० लिटर पाणी होते. म्हणजे एक मोठा टँकर. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात वर्षाला साधारण २००० ते ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सोयीसाठी २५०० धरू. आमच्यासारख्या लहान ओहळाचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर धरू. तर त्यावर वर्षाला २५० कोटी लिटर पाणी पडते, म्हणजे अडीच लाख टँकर!

आता गरज पाहू. सरकारी योजनेत ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर धरले जाते. ३०० माणसांच्या पाड्याला रोज १६,५०० लिटर लागतील. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना सुमारे २० लाख लिटर, म्हणजे २०० टँकर. अडीच लाख टँकरांतले फक्त २०० टँकर उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवता आले, तर पाड्याची तहान भागते. आमचा सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि एवढाच असूनही तो सुटलेला नाही.

तुलना करून पाहा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या बऱ्याच भागात ५००-६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या चौपट. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट दोन्हीकडे पाहतात.

पाणी थांबत का नाही?

याची तीन कारणे आहेत: वेळ, उतार आणि खडक.

पहिले, वेळ. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यातलाही बराच मोजक्या दिवसांच्या झोडपणीत. उरलेले आठ महिने आभाळ कोरडे.

दुसरे, उतार. सह्याद्रीच्या या पश्चिम अंगाला जमीन समुद्राकडे झपाट्याने उतरते. झाडोरा आणि पाचोळा असलेल्या उतारावर पाऊस आधी पानांवर, मग पाचोळ्यावर आणि मग मातीवर येतो. त्याचा वेग मोडतो आणि काही पाणी मुरते. उघड्या उतारावर तोच पाऊस मातीवर थेट आपटतो, माती सुटी करतो आणि तिला घेऊनच ओहळात उतरतो. पावसाळ्यात ओहळ लाल वाहू लागला की समजावे, वरच्या वरकस जमिनीतली नागली-वरईची माती खाली चालली आहे. माती गेली की पाणी धरणारे भांडेच गेले.

तिसरे कारण जमिनीखालचे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनला. चपात्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. काही थर भेगाळलेले किंवा सच्छिद्र असतात. विहीर खोदणारे अशा खडकाला 'मांजऱ्या' म्हणतात. त्यात थोडे पाणी राहते. काही थर घट्ट काळ्या कातळाचे असतात, त्यात पाणी जात नाही. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल, चिकण थर सापडतो, तोही पाणी अडवतो. वरून मुरलेले पाणी खाली उतरत उतरत अशा अडवणाऱ्या थरावर येते आणि मग आडवे सरकू लागते. डोंगराच्या कुशीत तो थर जिथे उघडा पडतो तिथे पाणी बाहेर येते. तोच झरा.

कातळाच्या या भेगांत पाणी मावते ते थोडेच. वाळूच्या प्रदेशासारखे मोठे साठे इथे नसतात. त्यामुळे विहिरी जुलैतच काठोकाठ भरतात आणि पुढचा पाऊस नुसता वरून वाहून जातो. पाऊस थांबला की साठा झिरपत झिरपत रिकामा होतो.

ओहळाचे वर्ष

जून-जुलैत ओहळ इतका फुगतो की पलीकडच्या पाड्यावरची मुले दोन-दोन दिवस शाळेत येऊ शकत नाहीत. दिवाळीच्या सुमारास पाणी नितळ होते, भात कापून खळ्यावर येते. मग अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला बाहेर पडतात. जानेवारीत धार बारीक होते आणि डोहाडोहांतून पाणी तुटक दिसू लागते. होळीनंतर पात्र कोरडे. पण कोरड्या पात्राखालीही थोडे पाणी सरकत असते. बायका वाळूत हात-दोन हात खोल डवरा खणतात आणि वाटीने पाणी भरतात. एक हंडा भरायला वेळ लागतो, म्हणून पहाटे अंधारात नंबर लावावा लागतो. डवऱ्याशेजारीच गुरेही पाणी शोधत येतात. मे महिन्यात आमच्याकडे जुलाब आणि काविळीचे रुग्ण का वाढतात, याचे उत्तर दवाखान्यात सापडत नाही, डवऱ्यावर सापडते. आणि वर्गातल्या मुलींची हजेरी मार्चपासून का घटते, याचेही.

इथे एक गोष्ट नम्रपणे नमूद करतो. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच डोंगराळ टापूत आहेत. मुंबईच्या वाचकांना अपराधी वाटावे म्हणून हे लिहीत नाही. नळाचे पाणी आणि डवऱ्याचे पाणी एकाच पावसाचे आहे, एवढेच ध्यानात यावे. एका पाण्यासाठी भिंत, बोगदा आणि नळ झाले. दुसऱ्यासाठी अजून फारसे काही झालेले नाही.

मग करायचे काय?

पाणलोटाच्या कामाचा पहिला नियम आहे 'माथा ते पायथा'. म्हणजे काम वरून सुरू करून खाली यायचे. पुष्कळदा उलटे होते. खाली ओहळात सिमेंटचा बंधारा बांधला जातो, कारण तो दिसतो आणि त्यावर पाटी लावता येते. वरचा डोंगर तसाच उघडा राहतो. दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो आणि पाण्याऐवजी माती साठवतो.

माथ्यावर झाडोरा आणि गवत राखायचे. त्याखाली मध्यम उतारावर समपातळीत चर खोदायचे. चर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असला, तर एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी थांबते. एक किलोमीटर चरांत एका वेळी १ लाख ८० हजार लिटर. हे चर पावसाळ्यात अनेकदा भरतात आणि मुरतात. समपातळी साधण्यासाठी तीन बांबू आणि ओळंबा एवढ्यावर 'ए' आकाराची चौकट करता येते. दहावी न झालेली मुलेही अर्ध्या दिवसात ती वापरायला शिकतात. मात्र आमच्याकडचा पाऊस दांडगा. म्हणून चर सलग न खोदता तुकड्यातुकड्यांनी खोदावे लागतात, नाहीतर एक फुटला की सगळे फुटतात. जिथे कडा तीव्र आहे तिथे कुदळ लावायचीच नाही, दरड सुटण्याची भीती असते. तिथे गवत आणि झाड हेच काम.

घळींमध्ये जागेवरचेच दगड रचून छोटे बांध घालायचे. वरकस जमिनीत बांध घालून मजगी पाडायची. सगळ्यात शेवटी ओहळाच्या पात्रात उतरायचे. पाऊस संपल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालता येतो. खर्च जवळजवळ नाही, श्रमदान लागते. त्या पाण्यावर जव्हार-मोखाडा पट्ट्यात काही कुटुंबे भाजीपाला आणि मोगरा घेतात. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून बाजाराला जातात आणि त्या घरातली माणसे वीटभट्टीवर जायची थांबतात.

आणि झरा. पिण्याच्या पाण्यासाठी आमची पहिली आशा झऱ्यावर आहे. झऱ्याचे माप घ्यायला बादली आणि घड्याळ पुरते. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर दिवसाला २१,६०० लिटर पाणी होते, ३०० माणसांना पुरून उरेल इतके. तीच बादली भरायला तीन मिनिटे लागली, तर ७,२०० लिटर, माणशी २४ लिटर. म्हणजे करंगळीएवढी धारही कमी नसते. पण ती रात्रभर वाहून जाते. झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त कुंडी, खाली टाकी आणि गुरांसाठी वेगळा हौद एवढे केले, तर रात्रीचे पाणी सकाळी मिळते आणि ते स्वच्छही राहते. उंचावरून खाली आणायचे असल्याने पंप लागत नाही, विजेचे बिलही येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जमिनीवरचे पाणलोट आणि खडकातले पाणलोट एकच असेल असे नाही. खडकाचा थर कलता असेल, तर आपल्या झऱ्याला पाणी पुरवणारी जमीन धारेच्या पलीकडे, दुसऱ्या पाड्याच्या हद्दीत असू शकते. म्हणून चर खोदण्याआधी जाणकाराकडून थर पाहून घ्यावेत. झऱ्याच्या वरच्या बाजूला घाईने खोल बोअरवेल मारली, तर ज्या भेगेतून झरा वाहतो तीच तुटू शकते. बोअरवेलला कुणी देणगी देऊ केली की नाही म्हणणे जड जाते, पण कधी कधी नाहीच म्हणावे लागते.

खरी अडचण माणसांची

चर खोदणे सोपे. अवघड आहे ते पुढचे. झऱ्याच्या वरचा उतार तीन-चार वर्षे चराईसाठी बंद ठेवला, तर गवत आणि झाडे सावरतात. पण त्या उतारावर कोणाच्या शेळ्या चरतात? ज्यांना जमीन नाही त्यांच्या. आमच्या पाड्यांवर त्या मुख्यतः कातकरी कुटुंबांच्या आहेत. खाली खाचर असणाऱ्याला पाण्याचा फायदा आणि वर शेळी राखणाऱ्याला तोटा, असा हा व्यवहार होतो. आमच्याकडे यावर सध्या बैठका चालू आहेत. एक बाई उभी राहून म्हणाली, "डोंगर बंद करा, पण माझ्या शेळ्यांना तुमच्या बांधावरचे गवत द्या." सभा बराच वेळ गप्प होती. मला वाटते, त्या दिवसातले सर्वांत नेमके वाक्य तेच होते. उतार टप्प्याटप्प्याने बंद करायचा, गवत कापून न्यायला सर्वांना मोकळीक ठेवायची आणि पाणी आले की भूमिहीनांनाही वाटा द्यायचा, अशी बोलणी सुरू आहेत. अजून ठराव झालेला नाही.

महाराष्ट्रात याची उदाहरणे आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने ठरत नव्हता, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरत होता, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला होता. येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांनी नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत हयात घालवली, भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाला आकार दिला आणि १९९३ मध्ये 'वॉटर' ही पाणलोट संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. लोक त्यांना 'बाखरबाबा' म्हणत. त्या कामात श्रमदान आणि चराईबंदी या अटी गावाने आधी स्वीकारायच्या आणि मग निधी यायचा.

कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार लगतचे पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित राहतील हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे सोपवले आहे. महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आहे, आणि चर-बांधांची कामे त्यात बसतात. म्हणजे सगळा पैसा देणगीतून यावा असे नाही. देणगी लागते ती जिथे सरकारी माप पोचत नाही तिथे: झऱ्याच्या कुंडीला, खडक तपासणाऱ्या जाणकाराच्या फेरीला, रोपांना आणि तीन वर्षे डोंगर राखणाऱ्या राखणदाराच्या मजुरीला.

आपल्यासाठी एक विनंती

कोणत्याही पाणीयोजनेला मदत करण्यापूर्वी, मग ती आमची असो वा दुसऱ्या कुणाची, तीन प्रश्न जरूर विचारा. या पाण्याचे पाणलोट कुठे आहे आणि तिथे काय काम झाले? पाण्यावर सर्वांत शेवटच्या घराचा हक्क कसा राखला आहे? आणि पाच वर्षांनी हे कोण सांभाळणार? उत्तर देणाऱ्याला राग आला तर समजावे की उत्तर नाही.

आणि पाहायला या. जुलैत या, पण मेमध्येही या. येताना १५ लिटरची बादली आणि घड्याळ आणा. झऱ्यावर उभे राहून स्वतः माप घ्या आणि आमच्या वहीत तारीख घालून लिहा. पुढच्या मेमध्ये तोच झरा पुन्हा मोजू. काम झाले की नाही, हे अहवालापेक्षा ते दोन आकडे अधिक खरे सांगतील. तोवर ग्रामसभेच्या ठरावासाठी आणि त्या शेळ्यावाल्या बाईसाठी प्रार्थनेत आठवण असू द्या.